चौथीतली मुलगी

तीन वर्षांपूर्वी तापाने मुलगी गेली, तेव्हा ती पहिलीत होती. तिची खोली अशी रिकामी ठेवायची नाही, असं मनाशी ठरवून नवराबायको त्या भल्यामोठ्या फर्निचरच्या दुकानात आले. घरी नेऊन आपणच जोडायचं पुस्तकांचं कपाट घ्यायचं होतं. वाटेत सजवून मांडलेली मुलांची खोली लागली. बायको आत शिरली, बुटक्या पलंगावर टेकली आणि उशी सारखी करू लागली. "मुलगी केवढी आहे, ताई?" सेल्समनने विचारलं. "यंदा चौथीत जाईल," ती सहज म्हणाली. नवऱ्याला आजवर वाटत होतं, मुलीला मनात वर्षागणिक वाढवणारे आपण एकटेच. तो सेल्समनकडे वळला. "ती डावखुरी आहे. दिवा उजवीकडे बसेल असं टेबल दाखवा." "हे बघा. जोडायला सोपं आहे, तिलाही मदतीला घ्या." "बाबांनी पाना उचलला, की येऊन बसतेच," बायको म्हणाली.