एकोणतिसाव्या अंकातला कुत्रा

त्या पत्राला खांबेट्यांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. आणि आता, तीस वर्षांनी, मृणाल फोनवर नेमका तोच प्रश्न विचारत होती.

“काका, चौदाव्या अंकात भोलू पुरात मरतो. एकोणतिसाव्यात दारात बसलाय. शेपूट हलवतोय! मुंबईवाले म्हणतात, एकतर कुत्रा मेला किंवा नाही मेला. बीच का कुछ नहीं.”

‘मशालवाला’ हा एका जुन्या टीव्ही मालिकेचा नायक. त्याचे हक्क मुंबईच्या मालिका कंपनीकडे. तिच्या परवानगीने दिल्लीचा एक प्रकाशक त्याची हिंदी कॉमिक्स काढायचा, आणि त्या चाळीसही अंकांच्या कथा दत्तात्रय खांबेट्यांनी लिहिल्या होत्या. आता मृणालचं नोएडातलं ऑफिस ते सगळे अंक एका पुस्तकात आणत होतं. कंपनीच्या अटी कडक होत्या. छापलेलं एकही चित्र किंवा वाक्य बदलायचं नाही, आणि कथेत विसंगतीही ठेवायची नाही. शेवटी एक नवं पान जोडता येईल. खुलासा काय तो तिथे.

“आणि नाही जमलं तर?”

“तर चौदावा ड्रॉप. शुक्रवारपर्यंत सांगा ना, प्लीज. आणि जुळा भाऊ वगैरे नको हं काका. ते सीरियलवाल्यांचं काम.”

चौदावा अंक. आयुष्यात आपण एकच गोष्ट बरी लिहिली, असं खांबेट्यांना वाटायचं. ती हीच. मोठ्याने मात्र ते हे कधी कुणापाशी बोलले नव्हते.

भोलू परत कसा आला, हे त्यांना ठाऊक होतं. मालिकेत तो कधी मेलाच नाही. कंपनीकडून दरवर्षी पात्रांचा तक्ता यायचा, त्यात भोलू असायचाच. एकोणतिसावा अंक त्यांनी तो तक्ता पुढ्यात ठेवून घाईत लिहिला. चित्रकारानेही तक्त्यातली सगळी पात्रं काढली. आपणच मारलेला कुत्रा आपण विसरलो, हे त्यांना अंक बाजारात गेल्यावरही कळलं नाही. कळलं ते पत्र आल्यावर.

त्यांनी कपाटातून ते काढलं. निळं अंतर्देशीय. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आलेलं.

‘तुमचं आडनाव मराठी आहे म्हणून मराठीत लिहिते. मी समता गजभिये, सातवीत आहे. भोलू मेला तेव्हा मी दोन दिवस रडले. मग एकोणतिसाव्या अंकात तो कसा आला? माझा भाऊ म्हणतो, लेखक विसरला. पण तुम्ही विसरणार नाही. काहीतरी कारण असेलच.’

तेव्हा इथपर्यंत वाचून त्यांनी पत्र मिटलं होतं. खालची चिकटलेली घडी उघडलीही नव्हती. आता डिंक वाळून गेला होता. बोट लागताच घडी सुटली. आत आणखी मजकूर होता.

‘मी अंक पाच वेळा वाचला. भोलूकडे फक्त मशालवाला बघतो. बाकी कोणी बघत नाही, त्याला हाकसुद्धा मारत नाही. तो भुंकतही नाही. म्हणजे तो एकट्या मशालवाल्यालाच दिसतो ना? माझी आजी गेली, तरी आई अजून सकाळी तिचा कप काढते. तसंच ना? बरोबर असेल तर कळवा. बाबांची बदली होणार आहे, म्हणून नागपूरच्या घरचा पत्ता देते.’

खांबेट्यांनी अंक उघडला. भोलू अकरा चित्रांत होता. ते एकेक चित्र भिंगाखाली बघत गेले. कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. बघणार कसं? कथेत त्याला कामच नव्हतं. तो तक्त्यातून येऊन नुसता बसला होता. मशालवाला तेवढा चार ठिकाणी खाली मान करून त्याच्याकडे पाहत होता.

त्यांनी मृणालला फोन करून अडखळत सगळं सांगितलं. भोलू कुणाला दिसतो, कुणाला नाही. पत्राचं तेवढं राहून गेलं.

ती म्हणाली, “काका! काटा आला अंगावर. एक अक्षर बदलायला नको! म्हणजे हे तुम्ही तेव्हाच पेरून ठेवलं होतंत? आणि तीस वर्षं गप्प? छुपे रुस्तम निघालात यार तुम्ही!”

“हं,” खांबेटे म्हणाले.

“प्रस्तावनेत हेच घेते. लोकांना कळू दे, आमचे काका काय चीज आहेत.”

त्यांनी फोन ठेवला. असं कुणी त्यांच्याबद्दल कधी बोललं नव्हतं. ते स्वतःही नाही.

मग त्यांनी कागद घेतला आणि समताला लिहिलं, ‘तुमचा तर्क अगदी बरोबर आहे.’ वाक्य तसं खोटं नव्हतं. तिला आनंदच झाला असता. तिचा विश्वास राहिला असता, मृणालची प्रस्तावनाही राहिली असती. त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग दुसरा कागद घेतला.

सकाळी करोल बागेच्या पोस्टात रांग होती. रांगेत उभ्या उभ्या त्यांनी मृणालला मेसेज केला, ‘प्रस्तावना थांबव. येऊन सांगतो.’ तिचं ‘का??’ लगेच आलं. त्यांनी फोन खिशात टाकला.

“पानेवाले का मोबाइल नंबर?” खिडकीतल्या बाईंनी पाकिटावरचं नाव आणि नागपूरचा पत्ता बघून विचारलं.

“नहीं है.”

“अंकल, आजकल बिना नंबर के कौन चिट्ठी भेजता है?”

“भेजने में देर हो गई,” खांबेटे म्हणाले. “थोड़ी.”

बाई हसल्या. पाकिटावर पट्टी चिकटवून त्यांनी ते मागच्या पोत्यात टाकलं.

आत चारच ओळी होत्या. ‘माझ्याकडे कारण नव्हतं. मी विसरलो होतो. कारण तुम्ही शोधलंत, आणि आता तेच छापायचं आहे. त्या पानावर लेखक म्हणून तुमचं नाव कसं छापू, ते कळवा.’