मुगेर्वाचे स्पीकर

कंपालाच्या काटवे बाजारात माझं दुकान आहे. मुगेर्वा तिसऱ्यांदा आला. भाडी मारायच्या मोटरसायकलवर त्याने माझ्याकडूनच स्पीकर बसवून घेतले होते. "असला मुका माल विकतोस होय रे? आवाजच येत नाही!" तो खेकसला. मी जुने काढून मोठे स्पीकर बसवले आणि गाणं लावलं. समोर केळी भाजणारी नाकितेंदे कानांवर हात ठेवून ओरडली, "बंद कर मेल्या, छप्पर उडेल!" मुगेर्वा माझ्याकडे बघत म्हणाला, "लाव की आता." मी त्याचा हात थरथरणाऱ्या स्पीकरवर ठेवला. त्याने तो कितीतरी वेळ काढला नाही. मी गाणं बंद केलं. तो माझ्या कानाशी वाकला. "स्टँडवर सांगू नकोस, भावा. बहिऱ्याच्या मागे कोण बसेल?" त्याला वाटलं, आपण कुजबुजतोय. पलीकडच्या स्टँडवरचे सगळे चालक आमच्याकडे बघत होते. मी मान डोलावली.