डोळा क्रमांक तीन

नेत्रतज्ज्ञ नेलिदा बुस्तोसच्या पत्राला डॉक्टर आन्सेल्मो फेरेय्रांनी बारा वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्र मात्र त्यांना तोंडपाठ होतं. 'डोळा क्रमांक तीनच्या दृष्टिपटलावरचे काळे ठिपके तुम्ही कॅमेऱ्यावरची धूळ समजून चित्रातून पुसलेत. ती धूळ नाही. तो माणूस आंधळा होणार आहे. कोण आहे ते शोधा आणि त्याला सांगा. की चित्र सुबक छापून आलं, एवढ्यावर तुमचं भागतं?'

गेल्या आठवड्यात तुकुमानच्या परिषदेत तिने हेच भर सभेत विचारलं. लोक हसले. फेरेय्रा कोर्दोबाला परतले ते दातओठ खातच.

आता उत्तर द्यायचंच होतं. क्रमांक तीनचा माणूस शोधायचा, त्याचा डोळा तपासायचा आणि ठणठणीत नजरेचा दाखला बाईच्या तोंडावर फेकायचा. आड येत होता त्यांचाच नियम. ती चित्रं घेताना प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी, स्वतः फेरेय्रांनीही, कॅमेऱ्यापुढे आपापला डोळा दिला होता. कुठला डोळा कुणाचा हे कुणालाही, अगदी त्यांनाही, कळू नये म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून, ज्याचा त्यालाही न सांगता, क्रमांक वाटायला लावले आणि काम संपल्यावर यादी जाळायला लावली. या नियमाचा त्यांना कोण अभिमान!

उरले होते ते दातांचे साचे. चित्र घेताना डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाने आपला मेणाचा साचा चावून धरला होता. क्रमांक साच्यांच्या खालच्या बाजूला कोरलेले होते.

त्यांचा जुना सहकारी उलिसेस साच्यांचं खोकं घेऊन आला. दुसऱ्या हातात 'माते' या कडवट चहाचा तुंबा होताच.

"म्हातारपणी पोलिसात भरती झालास की काय?" त्याने नळीतून एक घोट ओढला. "सोड ना त्या बाईला. जळते ती तुझ्यावर."

"जळू दे. चांगली राख होईपर्यंत जळू दे. तो दिवा जरा मोठा कर."

"अरे, कालच नवा बसवला ना तुझ्यासाठी! आणखी किती उजेड हवाय? सूर्य आणून टांगू का?"

फेरेय्रा पुटपुटत साचे चाचपू लागले. हल्ली दिवे भिकार मिळत होते. पुस्तकांची छपाईसुद्धा भिकार झाली होती. ओळीतली अक्षरंच गायब असायची.

तीन क्रमांकाचा साचा उलिसेसने शोधून दिला. "माझा नाही हा. माझा पुढचा दात तेव्हाच पडला होता, मेणात खिंड दिसली असती. याचा डावा सुळा बघ कसा आडवा आलाय. कुणाचं रे हे थोबाड?"

फेरेय्रांची जीभ आपोआप डाव्या सुळ्याकडे गेली. मिशीखाली झाकलेला तो सुळा बायकोखेरीज कुणी पाहिला नव्हता.

त्यांनी साचा नळाखाली धुतला. तोंडात धरला. हळूच चावला.

कुलपात किल्ली बसावी तसा तो बसला.

"काय करतोस? कुणाचा आहे?" उलिसेसने विचारलं.

तोंडात मेण होतं, बोलता येईना. फेरेय्रांनी डावा डोळा झाकला. उलिसेस दिसला, तुंबा दिसला. मग उजवा झाकला. उलिसेसचे कान दिसले, कॉलर दिसली. मधे चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग होता. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. दिव्याचाही मधला भाग नव्हता.

मेजावर उत्तराचा मसुदा होता, चार पानं, सगळी शिव्यांची. त्यांनी तो फाडला आणि नव्या कागदावर मोठ्या अक्षरांत थोडंसंच लिहिलं. पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता घातला. मग उलिसेसचा हात झिडकारून एकटेच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत सोडलं.

आत लिहिलं होतं: 'बाई, डोळा क्रमांक तीन सापडला. त्याला सांगितलं आहे. त्याचा पत्ता पाकिटामागे आहे.'