चिकटलेली पानं

संग्रहालय उघडायला अजून तासभर होता. काचेच्या छपरातून धुकट उजेड खाली झिरपत होता आणि त्यात ती निळी गाडी पाण्याच्या तळाशी उभी असल्यासारखी दिसत होती. तिचं चेपलेलं नाक तसंच ठेवलं होतं.

कारखान्याचा शर्यतींचा सगळा इतिहास भिंतीवर लावला होता. पहिल्या फोटोत साधी घरगुती गाडी, टपावर दोन जादा चाकं. लोक तिला पावाचा डबा म्हणत. पहिल्या रॅलीत ती पोचली तेव्हा निकाल लावणारे जेवायला निघून गेले होते. पुढे त्याच डब्याच्या धाकट्या भावंडांनी डोंगरातली रॅली सलग तीनदा मारली आणि हसणाऱ्यांचे दात घशात गेले. शेवटचा फोटो निळ्या गाडीचा होता. खाली पाटी होती : ‘चालकाच्या चुकीमुळे गाडी कठड्यावर आदळली. त्याच वर्षी कारखान्याने रॅली विभाग बंद केला.’

पाटीसमोर भाऊ-बहीण उभी होती. बहिणीनं ती दोनदा वाचली. त्या गाडीत चालकाच्या शेजारी बसून वहीत आधी टिपून ठेवलेला रस्ता वाचून दाखवायची ती. चालवायचा तिचा दादा.

संग्रहालयाच्या बाईंनी दोघांना फोटोसाठी गाडीत बसायला सांगितलं, काचेच्या पेटीतली तिची जुनी वही तिच्या हातात दिली आणि फोटोग्राफर कुठे अडकलाय ते बघायला त्या बाहेर गेल्या. दादा आखडलेला पाय दोन्ही हातांनी उचलून आत बसला. सीट पूर्वी एवढी खाली नव्हती, अशी तक्रारही त्यानं केली. ती शेजारी बसली. पट्ट्याला अजून पेट्रोलचा वास येत होता.

मग दादानं हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, “वाच.”

वहीत तिचं कोवळं, घाईचं अक्षर होतं. वळणांना आकडे दिलेले. सहा म्हणजे नावापुरतं वळण, एक म्हणजे जवळजवळ उलट फिरणारं. ती हळू आवाजात वाचू लागली. डावीकडे चार. शंभर मीटर सरळ. चढ, माथ्यावर उजवी धर. उजवीकडे तीन, आत दगड.

दादाचे हात आपोआप फिरू लागले. तिसऱ्या पानापर्यंत भिंती विरघळल्या होत्या. खिडकीशेजारून झाडं वाहत होती, खडी तळाला तडतडत होती. ती मान वर न करता वाचत होती, आणि कुठलं वळण आलं ते तिला पूर्वीसारखं पोटात कळत होतं. छप्पन्न वर्षांची बाई आपण आहोत, हे ती पार विसरून गेली.

अकरावं पान उलटताना तिचा अंगठा थांबला. तिथे दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. फाटतील म्हणून संग्रहालयातल्या लोकांनी ती तशीच ठेवली होती.

“दादा, त्या दिवशी वही भिजली होती,” ती म्हणाली. “इथे मी दोन पानं एकदम उलटली. उजवीकडे एक होतं. मी सरळ म्हणाले.”

त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. ती पुढे सांगत गेली. हे तिला दवाखान्यात कळलं होतं. तो शुद्धीवर आला की सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण शुद्धीवर येताच त्यानं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, असं कारखान्याच्या साहेबांना लिहून दिलं. मग त्याच्या पायाची ऑपरेशनं झाली, मग तिचं लग्न. दर वर्षी सांगणं आणखी जड होत गेलं. आता बाई आल्या की ती पाटी बदलायला सांगणार होती.

दादा समोरच्या काचेतून बघत होता.

“मला वळण दिसलं होतं,” तो म्हणाला. “धुक्यात कठडा दिसला. अगदी स्पष्ट.”

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय. तिनं विचारलं, मग ब्रेक का नाही मारलास.

“तू सरळ म्हणालीस. आठ वर्षांत तुझं एकदाही चुकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांनी मला कितीदा तरी फसवलं होतं.” त्यानं दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला. “पाटी राहू दे. गाडी मी चालवत होतो.”

तिनं नखाची कड पानांच्या मध्ये सरकवली. बारीक आवाज करत पानं सुटली. शाई पुसट झाली होती, तरी वाचता येत होती.

“उजवीकडे एक,” ती म्हणाली. “जपून.”

दादानं स्टिअरिंग पुरतं फिरवलं, धरून ठेवलं आणि हळूहळू सरळ होऊ दिलं. समोर कठडा आला नाही. रस्ता होता.

बाई फोटोग्राफरला घेऊन आल्या. त्यानं कॅमेरा उचलला तशी बाईंनी त्याची बाही धरली.

त्यापुढची पानं कधी वापरातच आली नव्हती. रॅलीच्या आदल्या आठवड्यात तिनं ती लिहिली होती आणि नंतर कुणीच मोठ्यानं वाचली नव्हती. तिनं पान उलटलं. दादानं विचारलं, अजून किती आहे.

“बावीस किलोमीटर.”

“मग सावकाश वाच,” तो म्हणाला.