साफ रेकॉर्डिंग

सेवादासाचं प्रेत अंगणात झाकून ठेवलं होतं, आणि भावसिंग मायक्रोफोनची वायर निंबाच्या फांदीवरून खाली सोडत होता. कोणी काही विचारलं नाही. तो घरचाच, सेवादासाचा चुलतभाऊ. मयतीच्या घरी पोरगं कसली तरी सोय करत असेल, असं तांड्याला वाटलं.

सेवादास कापसावर फवारणी करता करता शेताच्या धुऱ्यावर पडला होता. त्या साली बोंडअळी कशालाच दाद देत नव्हती, म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारत होते. दवाखान्याच्या वाटेवरूनच बैलगाडी परत फिरली. सोयऱ्यांना कळवायचं काम भावसिंगाकडे आलं. रोडवरच्या एसटीडी बूथवरून त्याने पहिला फोन नागपूरला मोहरील साहेबांना लावला. सेवादासाच्या बहिणीला त्यानंतर.

पांढरकवड्याला हायवेवर भावसिंगाचं कॅसेट-सीडीचं दुकान होतं. "गाणं कोणतंबी घ्या, रेकॉर्डिंग साफ पायजे," हे त्याचं ठरलेलं बोलणं. तो 'घेऊन जा' म्हणाला की हैदराबादकडे जाणारे ट्रकवालेही न ऐकता माल उचलत. मोहरील साहेब, नागपुरातले गाण्याचे मोठे जाणकार, एकदा बॅटरी घ्यायला म्हणून थांबले आणि आत वाजणारी सनई संपेपर्यंत उभेच राहिले. तिथून दोघांची देवघेव सुरू झाली. साहेब नागपूरहून सीड्या आणत, हा त्यांना आपल्याकडच्या जुन्या कॅसेटी ऐकवी. तबला फार पुढे आला, गाणारी मागे राहिली, अशा गप्पा चहा थंड होईस्तोवर चालत. इतक्या मोठ्या माणसाने आपल्याला विचारावं, याची भावसिंगाला नशा चढली होती.

मग साहेबांनी स्वतःच एक सीडी काढायची ठरवली. मेलेल्या माणसामागे बायका सुरात रडतात, त्या रडण्याची.

"आमची रामीकाकी ऐका," भावसिंग म्हणाला होता. "पाच तालुक्यांत असं कोणी रडत नाही."

शाळेच्या खोलीत रामीबाईला बसवलं. तिने ओढणी सावरत, लाजत, रडून दाखवलं. साहेबांनी मशीन मधेच बंद केली. "आवाज आहे हो. पण मेलं कुठे कोण? ते ऐकू येतं ना." भावसिंगाची शिफारस पहिल्यांदाच वाया गेली होती. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

आता रामीबाईचाच पोरगा गेला होता. बैलगाडी तांड्यात शिरली तेव्हा भावसिंगाला आधी रडू फुटलं, हे खरं. पण डोळे पुसता पुसता त्याला साहेबांचं ते बोलणं आठवलं.

बहीण यायची आहे, असं सांगून त्याने प्रेत उचलू दिलं नाही. बहीण आली, साहेब आले नव्हते. मग दिग्रसचे पाहुणे निघाले आहेत, असं त्याने सांगितलं. दिग्रसहून कोणी येणारच नव्हतं. दुपार कलली तेव्हा साहेबांची गाडी आली. ते गोठ्यामागे मशीन घेऊन बसले, कानांना हेडफोन लावले आणि बोट वर केलं.

"आता न्या," भावसिंग म्हणाला.

तिरडी उचलू लागले आणि रामीबाईने हंबरडा फोडला. तो हंबरडा सुरात शिरला. सेवादासाचं लहानपण, त्याची हट्टी चाल, त्याने लावलेला आंबा, सगळं त्यात आलं. तांड्यातल्या बायका मागून सूर धरू लागल्या. तेवढ्यात हायवेवर एक ट्रक हॉर्न दाबून बसला. लांबलचक, कर्कश. गोठ्यामागून साहेबांचा हात दिसला. नाही, नाही. पुन्हा.

भावसिंग रामीबाईजवळ जाऊन उकिडवा बसला.

"काकी, अजून एक डाव रड. मधात गाडीचा आवाज आला."

रामीबाईने तोंडावरची ओढणी सारली. वर निंबात लटकणारा मायक्रोफोन तिने आता पाहिला. मग भावसिंगाकडे पाहिलं. खांदेकरी तिरडी धरून तसेच उभे होते.

"तुले पायजे?" तिने विचारलं.

"हो काकी."

"बरं."

तिने श्वास घेतला आणि ती रडली. पहिल्यापेक्षा खालच्या सुरात, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. या वेळी एकाही बाईने मागून सूर धरला नाही. खांदेकऱ्यांनी माना खाली घातल्या. भावसिंगाची आई बायकांमधून उठली, त्याच्यापाशी आली, तिने त्याचं मनगट पकडलं आणि काही केल्या सोडेना.

साहेब डोळे पुसत गोठ्यामागून आले.

"आत्ता खरं आलं. एकटा आवाज, मागे काही नाही. असं रेकॉर्डिंग आयुष्यात एकदाच मिळतं, भावसिंग." त्यांनी त्याचा खांदा दाबला. त्यांना बंजाऱ्यांची गोरबोली येत नव्हती. "ती मधेमधे नाव कोणाचं घेते? कव्हरवर छापावं लागेल."

"पोराचं," भावसिंग म्हणाला. "सेवादासाचं."

सीडी निघाली आणि नावाजली गेली. पुण्या-मुंबईचे दर्दी एकमेकांना सांगू लागले, बाकी काही ऐकू नका, ते शेवटचं ऐका. फोन करून लोक भावसिंगाकडून मागवून घेत. रेकॉर्डिंग कसं आहे, असं कोणी विचारलं, तर तो म्हणे, साफ आहे. ते खरंच होतं. त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायचा. सेवादासाचं नाव त्यात एकदाही नव्हतं. रामीबाईने आळवून आळवून भावसिंगाचं लहानपणीचं, फक्त तांड्यालाच माहीत असलेलं नाव घेतलं होतं, मेलेल्याचं घेतात तसं.