न केलेल्या प्रयोगावर सही

प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला आलेल्या निवृत्त मॅडमनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, तर ब्युरेट अजून कागदात गुंडाळलेल्याच. "सर आम्हाला प्रयोगाचा व्हिडिओ दाखवतात," एक मुलगी म्हणाली. मॅडमचा पारा चढला. त्यांच्या वर्गातली मुलं एका थेंबाने पाणी गुलाबी होईपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. त्यांनी जर्नलांचा गठ्ठा तसाच शेजारी उभ्या तरुण सरांकडे परत सरकवला.

"न केलेल्या प्रयोगावर मी सही करत नाही. आणि सर, तुम्ही तरी ब्युरेट कधी हातात धरलीत का? कुठल्या शहाण्याने पास केलं तुम्हाला?"

मुलं खुदकन हसली. तरुण सर खाली मान घालून उभे राहिले.

मुलं बाहेर गेल्यावर त्यांनी खणातून स्वतःचं जुनं जर्नल काढलं आणि मॅडमपुढे ठेवलं.

"महामारीतली बॅच, मॅडम. वर्षभर तुमच्याच तासाला होतो. कॅमेरा बंद असायचा माझा, तुम्ही चेहरा कुठून ओळखणार?"

पहिल्याच पानावर छापलेलं होतं, 'सर्व प्रयोग विद्यार्थ्याने स्वतः केले आहेत.' खाली मॅडमची वळणदार सही. त्या वर्षी अशा किती सह्या त्यांनी घरी बसून एका दुपारीत उरकल्या होत्या. त्यांची कानशिलं तापली.

"मग मघाशी एवढं ऐकून का घेतलंस रे? बोलायचं होतंस ना!"

"मुलांसमोर तुमचं नाव कसं घेऊ, मॅडम?"