इंदूरच्या वकिलासमोर

प्रतापचं वागणं चार माणसांत सांगण्यासारखं उरलेलं नाही, हे राजाबाई काटकरांनी खुर्चीवर टेकायच्या आतच सांगून टाकलं. वर म्हणाल्या, "पोटचा आहे म्हणून कमी बोलते."

टोंकखुर्दच्या धर्मशाळेत दर शनिवारी देवासचे तीन-चार वकील येत आणि ऐपत नसलेल्यांची कामं फुकट करत. राजाबाई देवासच्याच, पण मुद्दाम इतक्या लांब आल्या. रांगेत कोणी ओळखलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. बसमध्येही पदर तोंडावर ओढून बसल्या होत्या.

समोरची वकील जेमतेम पंचविशीची मुलगी. वेदिका पागे.

"आजी, आराम से... म्हणजे सावकाश सांगा."

"मराठी आहेस ना? मग धड बोल. हां, तर पोराची नोकरी सुटली, तसं डोकंही सुटलं. मला न विचारता पुढची खोली फोडून शटर लावलं. मोबाइल दुरुस्त करतो म्हणे! देवांचे टाक उचलून जिन्याखाली ठेवले. सासूबाईंच्या सासूपासूनचे टाक, झाडूशेजारी!"

"मग प्रकरण कोर्टात गेलं?"

"गेलं. घर कोणाचं, याचा निकाल लागायचाय. राहायचं कोणी आणि निघायचं कोणी."

वेदिकाने फॉर्म ओढला. "पहिल्या तारखेला काय झालं?"

राजाबाई कोपऱ्यातल्या माठाकडे बघत राहिल्या.

"एका बाजूला इंदूरचा वकील. अर्धा तास बोलला. दुसऱ्या बाजूला कोणीच नाही. जज्जसाहेबांनी विचारलं, 'वकील कहाँ है?' मागच्या बाकावरचे फिदीफिदी हसले. काटकरांच्या घरातलं माणूस भर कोर्टात एकटं! संस्थानच्या दरबारातही आमच्यातलं कोणी असं उभं राहिलं नसेल. मला वर बघवेना."

"आणि प्रतापराव? ते काही बोलले?"

"तोंड उघडलं नाही. घुम्यासारखा मान खाली. लहानपणी मीच शिकवलंय, आईसाहेबांसमोर मान खाली ठेवायची. मेल्यानं तेवढंच लक्षात ठेवलं."

वेदिकाचा आवाज मऊ झाला. "इसमें शरम कैसी, आजी? फुकट मदत मागणं म्हणजे भीक नाही. हक है."

"हक्क तुझ्याजवळ ठेव. मी आयुष्यात कोणाकडे मीठ मागायला गेले नाही." राजाबाई पुढे वाकल्या. "तू सांग, त्या इंदूरवाल्यासमोर टिकशील? तो हिंदीत बोलतो आणि मध्येच इंग्रजी फेकतो."

"टिकेन."

"रडणार नाहीस?"

"नाही हो!"

"तो म्हणतो, शटर परवानगीशिवाय लावलं. मग तू काय म्हणशील?"

वेदिका गोंधळली. "मी ते कशाला... ते आपल्याच फायद्याचं आहे ना?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"म्हणजे समजा, उलट बाजूनं... तर म्हणेन की नोकरी गेली, पोट भरायला लावलं. इतकी वर्षं राहतोय तिथं. एकदम रस्त्यावर कसं काढता?"

राजाबाईंनी मग कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. हात मात्र त्यावरच राहिला.

"उत्पन्नाचा दाखला. तहसिलीत दोन खेपा घातल्या."

"अहो, फुकट वकिलासाठी बायकांना दाखला लागतच नाही."

"असू दे."

दारात कोणीतरी चपला काढल्या. विटका शर्ट, वाढलेली दाढी. पंचेचाळिशीचा माणूस उंबऱ्याशी मान खाली घालून उभा राहिला.

"हा प्रताप," राजाबाई म्हणाल्या. "मीच निरोप पाठवला होता."

वेदिका ताडकन उठली आणि दोघांच्या मध्ये आली. "प्रतापभिया, तुम्ही बाहेर थांबा. आजी, घाबरू नका."

"मी? घाबरू? ह्याला?" राजाबाई उठल्या. स्वतःची खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली. प्रताप जागचा हलला नाही. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला बसवलं आणि टेबलावरचा त्याच्या नावाचा दाखला वेदिकाकडे सरकवला.

"नालायक आहेस तू, प्रताप. पुढच्या तारखेला माझा इंदूरचा वकील तुला घराबाहेर काढणारच आहे; तेव्हा तुझ्या बाजूनं निदान ही पोरगी तरी उभी कर."